जुनी सुपरहिरो कॉमिक्स आणि ती काढणारे चित्रकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सचा नाद लागलेली माणसं आधी किंमत विचारतात. चित्रकाराचं नाव विचारायला लागेपर्यंत वर्ष-दोन वर्षं जातात. इथे दोन्ही तऱ्हेचे प्रश्न आहेत. पैशांची उत्तरं आटोपशीर आहेत. चित्रकारांची लांबली आहेत आणि ती मुद्दाम लांबू दिली आहेत.

जुनं कॉमिक म्हणजे नक्की किती जुनं?

संग्राहक ढोबळमानाने तीन कालखंड धरतात. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात, म्हणजे जून १९३८ मध्ये, सुपरमॅन आला आणि सुवर्णयुग सुरू झालं. मे १९३९ मध्ये 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' अंक २७ मधून बॅटमॅन आला, मार्च १९४१ मध्ये कॅप्टन अमेरिका. दुसरं महायुद्ध संपल्यावर मुखवटेवाल्यांची चलती ओसरली आणि गुन्हेगारी, प्रेमकथा, भयकथा यांचे अंक खपू लागले. १९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थॅम यांचं कॉमिक्सविरोधी पुस्तक गाजलं, सिनेटच्या उपसमितीसमोर सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच 'कॉमिक्स कोड' नावाची नियमावली गळ्यात बांधून घेतली. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात दिसणारा तो छोटा शिक्का तिचाच.

ऑक्टोबर १९५६ च्या 'शोकेस' अंक ४ मध्ये फ्लॅश नव्या रूपात आला, तिथून रौप्ययुग. १९७० च्या आसपास कांस्ययुग. त्या वर्षी लेखक डेनी ओ'नील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स यांनी 'ग्रीन लँटर्न' अंक ७६ पासून वंशभेद आणि गरिबी थेट कथेत आणली. १९८५ च्या सुमाराला हेही युग संपलं असं धरतात. सीमारेषांवर वाद घालणारे पुष्कळ भेटतील. विकत घेणाऱ्याला त्या वादाचा फारसा उपयोग नाही.

सुरुवात कुठून करावी?

कांस्ययुगापासून. सत्तरच्या दशकातले अंक अजून आवाक्यात आहेत, आणि तेव्हा काम करणारी पिढी जबरदस्त होती. एकच मालिका किंवा एकच चित्रकार धरा. 'जे स्वस्त मिळेल ते' या हिशेबाने घेतलेल्या अंकांचा ढीग होतो, संग्रह होत नाही. आणि पहिल्या वर्षी तरी वाचण्यापुरत्या बऱ्या प्रती घ्या: थोडी दुमडलेली, कुठे नाव लिहिलेलं, पण पानं पूर्ण. अशा प्रती हाताळूनच डोळा तयार होतो. महागडी प्रत हाताळायची भीती वाटते आणि भीतीपोटी माणूस काही शिकत नाही.

काही अंकांना एवढा भाव का?

दोन कारणं आहेत आणि ती वेगवेगळी ठेवून पाहावीत. एक, अंक खरोखरच उरलेले नाहीत. कॉमिक दहा सेंटला मिळायचं, वाचून झालं की टाकून दिलं जायचं. महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या आणि मुलांनी आपलेच अंक गाडीत नेऊन टाकले. १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या स्पेन्सर गावात कॉमिक्सची होळी झाली, न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्येही झाली. 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' अंक १ च्या आज शंभरच्या आसपास प्रती शिल्लक असाव्यात असा अंदाज सांगितला जातो. त्यातली एक चांगली प्रत २०२४ मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली.

दुसरं कारण मागणी. नोव्हेंबर १९७४ चा 'द इनक्रेडिबल हल्क' अंक १८१ दुर्मिळ वगैरे अजिबात नाही. पण त्यात वुल्व्हरिन पहिल्यांदा पूर्णपणे दिसतो (अंक १८० च्या शेवटच्या चौकटीत नुसती झलक आहे), त्यामुळे तो सगळ्यांनाच हवा असतो. पात्राचं पहिलं दर्शन असलेल्या अशा अंकांना संग्राहक 'की' अंक म्हणतात. चित्रपटाची घोषणा झाली की त्यांचे भाव चढतात आणि चित्रपट पडला की उतरतात. चढत्या भावात घाई करून घेऊ नका.

मुखपृष्ठावरच्या महिन्यातच अंक निघालेला असतो का?

नाही. छापलेला महिना सहसा दोन-तीन महिने पुढचा असतो. त्या महिन्यापर्यंत अंक स्टँडवर ठेवायचा, नंतर उतरवायचा, अशी ती विक्रेत्यासाठीची सूचना होती. जून १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' एप्रिलमध्येच विक्रीला आला होता.

माझ्याकडचा अंक मूळचा की पुनर्मुद्रण, हे कसं कळेल?

सर्वांत आधी आकार मोजा. १९७४ मध्ये डीसीने, म्हणजे सुपरमॅनच्या प्रकाशक कंपनीने, 'फेमस फर्स्ट एडिशन' या नावाने 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' अंक १ जसाच्या तसा पुन्हा छापला. आतल्या जाहिरातीसुद्धा तशाच. फरक एवढाच की हा अंक चांगला मोठा, जवळपास दहा इंच रुंद आणि साडेतेरा इंच उंच होता, आणि त्याला बाहेरून आणखी एक जाड मुखपृष्ठ होतं. ते बाहेरचं मुखपृष्ठ काढून टाकून आतला अंक मूळचा म्हणून विकणारे तेव्हापासून आजपर्यंत आहेत. मूळ अंक सुमारे पावणेआठ इंच रुंद आणि साडेदहा इंच उंच असतो. पट्टी लावली की प्रश्न मिटतो.

मग किंमत पाहा. १९६१ च्या अखेरपर्यंत अंक दहा सेंटला होता, नंतर बारा, १९६९ मध्ये पंधरा, सत्तरच्या दशकात वीस, पंचवीस, तीस अशी चढत गेली. 'फँटॅस्टिक फोर'च्या पहिल्या अंकावर, नोव्हेंबर १९६१, दहा सेंट हवेत. किंमतच नसेल तर तो १९६६ मध्ये रेकॉर्डसोबत विकलेला पुनर्मुद्रित अंक असण्याची दाट शक्यता. अशाच रेकॉर्डसोबत 'अमेझिंग स्पायडर-मॅन'चा पहिला अंकही निघाला होता.

पहिल्या पानाच्या तळाशी किंवा मुखपृष्ठाच्या आत बारीक अक्षरात प्रकाशकाचा मजकूर असतो. तो सगळा वाचा. हल्लीच्या हुबेहूब आवृत्त्यांमध्ये मुखपृष्ठ बनवलेलं असतं फसवण्याइतकं, पण नवं साल तिथे किंवा मागच्या पानावर कुठेतरी छापलेलं सापडतंच. शेवटी भिंग लावा. जुनी छपाई स्वस्त वृत्तपत्री कागदावर, चार रंगांच्या ठिपक्यांनी होत असे. ठिपके मोठे, जरा सरकलेले, रंग रेषेबाहेर गेलेला. आजच्या स्कॅन करून छापलेल्या पानात काळ्या रेषेच्या कडासुद्धा ठिपक्यांनी फुटलेल्या दिसतात.

या ढिसाळ छपाईमुळेच हल्क हिरवा झाला. मे १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता, पण तो राखाडी रंग प्रत्येक पानावर वेगळाच उमटला. दुसऱ्या अंकापासून हिरवा.

प्रत चांगली की वाईट, हे ठरवतात कसं?

०.५ ते १० अशी श्रेणी आहे. १० म्हणजे निर्दोष. जुन्या अंकांत ती जवळजवळ भेटतच नाही. ९.४ ला नियर मिंट म्हणतात, ८.० ला व्हेरी फाइन, ६.० ला फाइन, ४.० ला व्हेरी गुड. ४.० म्हणजे चांगलाच हाताळलेला, घड्या पडलेला अंक, हे ध्यानात ठेवून जाहिराती वाचा.

पाहायचं काय? आधी कणा, म्हणजे पिना असलेली कड. अंक उघडताना तिथे बारीक आडव्या चिरा पडतात आणि त्यातून रंग उडून पांढरं दिसतं. दोन-चार चिरांनीही श्रेणी घसरते. पुढचं पान मागे दुमडून वाचायची सवय असलेल्यांच्या अंकाचा कणा गोल वळलेला असतो. पिना गंजल्यात का, गंजाचा डाग कागदात उतरलाय का, मधलं पान पिनांतून सुटलंय का हे बघा. मग कोपरे, मग कडा. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या मार्व्हल अंकांच्या उजव्या कडेला बारीक कपचे उडालेले असतात. कारखान्यातल्या कापणीचा तो दोष आहे, मालकाचा नव्हे, पण श्रेणीत धरला जातोच. आतल्या कागदाचा रंग पांढरा, मलईसारखा की तपकिरी, आणि कोपरा हलकेच वाकवला तर तुकडा पडतो का, हेही तितकंच महत्त्वाचं. नुसतं मुखपृष्ठ पाहून घेऊ नका.

पानं पूर्ण आहेत हे तपासायचं म्हणजे काय करायचं?

एकेक पान उलटायचं. याला दुसरा मार्ग नाही. १९७४ पासून मार्व्हलच्या अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटं तिकीट छापलेलं असे, कापून वहीत चिकटवण्यासाठी. मुलांनी ते इमानेइतबारे कापलं. हल्क अंक १८१ मधून हे तिकीट गेलेलं असेल तर बाहेरून कितीही देखणी दिसली तरी प्रतीची किंमत कोसळते. जाहिरातीतलं मागणीपत्रक कापलेलं असणं हाही नेहमीचाच प्रकार. शिवाय न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळवण्यासाठी विक्रेते मुखपृष्ठाचा वरचा भाग किंवा अख्खं मुखपृष्ठ फाडून पाठवत आणि उरलेला अंक गुपचूप विकत. मुखपृष्ठ नसलेले इतके अंक आले कुठून, त्याचं उत्तर हे.

प्लॅस्टिकच्या कवचात बंद केलेले अंक घ्यावेत का?

सीजीसी ही कंपनी २००० पासून अंक तपासून, श्रेणी ठरवून, पारदर्शक कवचात सीलबंद करून देते. पुढे तशा इतरही कंपन्या निघाल्या. निळी पट्टी म्हणजे सरळ प्रत, जांभळी म्हणजे दुरुस्ती केलेली, हिरवी म्हणजे एखादा ठळक दोष वगळून दिलेली श्रेणी, पिवळी म्हणजे साक्षीदारासमोर घेतलेली सही.

हजारो डॉलरचा व्यवहार असेल तर कवच हवंच. दुरुस्ती आणि कापाकापी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण पन्नास डॉलरचा अंक कवचात घालणं मला पटत नाही. तो उघडता येत नाही, वाचता येत नाही, आतलं चित्रकाम बघता येत नाही. उरतं ते मुखपृष्ठ आणि एक आकडा. आणि ९.६ व ९.८ मधला फरक कवच फोडून दोन्ही अंक समोर ठेवले तर बहुतेकांना सांगता येणार नाही. किमतीत मात्र तो दुपटीहून जास्त असू शकतो.

दुरुस्त केलेला अंक टाकाऊ असतो का?

टाकाऊ नव्हे, स्वस्त असतो. उडालेल्या जागी रंग लावणं, फाटलेलं जोडणं, गेलेला तुकडा दुसऱ्या कागदाने भरणं, कडा कापून सरळ करणं हे सगळं दुरुस्तीत धरतात. त्यात कडा कापणं सर्वांत वाईट, कारण ते परत होत नाही. उष्णता आणि दाबाने घड्या सपाट करण्याला मात्र सीजीसी दुरुस्ती मानत नाही, आणि त्यावरून संग्राहकांत आजही जुंपते. चाळीसच्या दशकातला एखादा महाग अंक हवा असेल आणि खिसा लहान असेल तर जांभळ्या पट्टीची प्रत हा शहाणपणाचा मार्ग आहे.

ठेवायचे कसे?

वृत्तपत्री कागदात लाकडातलं लिग्निन आणि आम्ल राहून गेलेलं असतं. उजेड, उष्णता आणि दमटपणा मिळाला की कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. तो थांबवता येत नाही, लांबवता येतो. अंक उभे ठेवा, आडव्या चळतीत नकोत. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी चालते पण काही वर्षांनी बदलावी लागते. मायलरची महाग पडते आणि टिकते. पाठीमागे आम्लमुक्त पुठ्ठा. साधा पुठ्ठा कधीच नको, त्यातलं आम्ल अंकात उतरतं. पीव्हीसीचं प्लॅस्टिक नको, चिकटपट्टी तर मुळीच नको. २० अंशांच्या आसपास तापमान आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता असलेली अंधारी जागा उत्तम, आणि तापमान स्थिर असणं त्याहून महत्त्वाचं. पोटमाळा आणि तळघर दोन्ही वाईट. कसर लागते ती दमट खोक्यातच.

जुन्या अंकांत चित्रकाराचं नावच का सापडत नाही?

कारण प्रकाशकाला ते नको होतं. पात्र कंपनीच्या मालकीचं, चित्रकार पानामागे पैसे घेणारा कामगार, असा तो धंदा होता. लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला दिले. ज्या धनादेशाने ते पैसे मिळाले तो २०१२ मध्ये लिलावात एक लाख ६० हजार डॉलरला गेला. मधल्या काळात दोघांनी हक्कांसाठी खटला भरला, त्यांची नावं कथांवरून काढली गेली आणि शुस्टर यांची दृष्टी जवळजवळ गेली. सत्तरच्या दशकात सुपरमॅनचा मोठा चित्रपट येतोय म्हटल्यावर नील अ‍ॅडम्स आणि जेरी रॉबिन्सन हे दोन चित्रकार त्यांच्यासाठी उभे राहिले, वर्तमानपत्रांतून बोलले, आणि डिसेंबर १९७५ मध्ये कंपनीने दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर आणि श्रेयनाम देण्याचं मान्य केलं. पुढच्या अंकांतली 'सीगल आणि शुस्टर यांची निर्मिती' ही ओळ त्या भांडणातून आली.

बॅटमॅनची गोष्ट उलटी आहे आणि जास्त बोचरी आहे. तिथे नाव होतं, पण एकट्या बॉब केन यांचं, करारानेच. झगा, वटवाघळाचे कान असलेला मुखवटा, ब्रूस वेन हे नाव आणि गॉथम शहर यांमागे लेखक बिल फिंगर होते. ते १९७४ मध्ये गेले. त्यांचं श्रेय कंपनीने मान्य केलं २०१५ मध्ये. चित्रंही नुसती केन यांची नाहीत. जेरी रॉबिन्सन, डिक स्प्रँग, शेल्डन मोल्डॉफ यांनी वर्षानुवर्षं केन यांच्या सहीखाली पानं काढली. चाळीस-पन्नासच्या दशकातला बॅटमॅन घेताना सहीवर विश्वास ठेवू नका. भलामोठा टाइपरायटर, राक्षसी आकाराच्या वस्तूंवर चाललेली मारामारी, चौकोनी जबड्याचा बॅटमॅन असं दिसलं तर बहुधा स्प्रँग.

साठच्या दशकात मार्व्हलने पहिल्या पानावर लेखक, चित्रकार, शाईकार, अगदी अक्षरकारांचंही नाव छापायला सुरुवात केली. आर्टी सिमेक आणि सॅम रोझेन ही अक्षरकारांची नावं वाचकांना पाठ झाली ती त्यामुळे. त्याआधीच्या अंकांचं श्रेय अभ्यासकांनी रेषेवरून, हिशेबाच्या वह्यांवरून आणि मुलाखतींवरून जुळवलेलं आहे.

'पेन्सिल' आणि 'शाई' अशी दोन नावं का असतात?

एकजण पेन्सिलीने पान रचतो, दुसरा त्यावर शाईची अंतिम रेषा ओढतो. मग अक्षरं, मग रंग. छपाईत दिसते ती शाईकाराची रेषा, म्हणून एकाच चित्रकाराचं काम शाईकार बदलला की ओळखू येणार नाही इतकं बदलतं. जॅक कर्बी यांच्या पानांवर जो सिनॉट यांची शाई पाहा: 'फँटॅस्टिक फोर'च्या ४४ व्या अंकापासून यंत्रं लखलखायला लागतात, सावल्या घट्ट होतात. मग त्याच काळातला 'थॉर' उघडा. तिथे विन्स कोलेटा यांची बारीक, ओरखड्यांसारखी रेषा आहे. वेळ वाचवायला ते पार्श्वभूमीतली माणसं आणि इमारती खोडून टाकत, ही त्यांच्यावरची जुनी टीका. तरी पुराणकथेच्या वातावरणाला ती रेषा शोभते असं मानणारेही आहेत, आणि मी त्यांच्यात अर्धा सामील आहे.

कर्बी आणि डिटको यांच्यातला फरक कसा ओळखायचा?

हात बघा. जॅक कर्बी यांच्या पात्रांची मूठ चौकोनी, जड, थेट तुमच्या दिशेने येणारी. स्टीव्ह डिटको यांच्या पात्रांची बोटं लांब, वाकडी, नाचणारी. स्पायडर-मॅन जाळं सोडताना आणि डॉक्टर स्ट्रेंज मंत्र टाकताना जी मुद्रा करतात ती त्याच हाताची.

कर्बी १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत जन्मले, खरं नाव जेकब कर्ट्झबर्ग. जो सायमन यांच्याबरोबर कॅप्टन अमेरिका काढला; पहिल्या मुखपृष्ठावर नायक हिटलरला ठोसा लगावतोय, आणि अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेलीही नव्हती. 'फँटॅस्टिक फोर'चे पहिले १०२ अंक त्यांनी सलग काढले. मार्व्हलमध्ये तेव्हा लेखक आणि चित्रकार कथेवर बोलत, चित्रकार अख्खी गोष्ट चित्रांत रचून आणे आणि मग संवाद भरले जात. म्हणून कथा कोणाची, हा प्रश्न तिथे अवघड होतो. १९६६ मध्ये 'फँटॅस्टिक फोर'मधली गॅलॅक्टसची गोष्ट ठरली तेव्हा सिल्व्हर सर्फर हे पात्र बोलण्यात नव्हतंच; कर्बी यांनी ते पानांत परस्पर घातलं, आणि पानं हातात आल्यावर लेखक-संपादक स्टॅन ली यांना ते दिसलं. ली यांनी स्वतः हे सांगितलेलं आहे. अवकाशातली ऊर्जा दाखवायला कर्बी काळ्या गोल ठिपक्यांचे थवे काढत. ते ठिपके तुम्हाला पुढे शेकडो चित्रकारांच्या पानांत दिसतील.

१९७० मध्ये कर्बी डीसीत गेले आणि तिथे सुपरमॅनच्या मित्राची 'जिमी ऑल्सन' ही मालिका काढू लागले. त्या अंकांतला सुपरमॅन नीट पाहा. शरीर कर्बीचं, चेहरा दुसऱ्याचाच. त्यांचा सुपरमॅन ठरलेल्या साच्याबाहेरचा वाटला म्हणून कंपनीने अल प्लास्टिनो आणि पुढे मर्फी अँडरसन यांच्याकडून चेहरे पुन्हा काढून घेतले. असे अंक अजून फार महाग नाहीत, आणि त्या काळच्या कारखान्याची इतकी उघडी खूण दुसरीकडे क्वचितच मिळते.

डिटको नेमके उलट्या वृत्तीचे. कर्बी यांची पानं स्फोटासारखी, डिटको यांची नऊ चौकटींच्या शिस्तीतली, खिडक्या, जिने, पाण्याच्या टाक्या आणि घाबरलेली माणसं यांनी भरलेली. ऑगस्ट १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' अंक १५ मध्ये स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला. आतली कथा डिटको यांची, पण त्यांचं मुखपृष्ठ बाजूला ठेवून कर्बी यांच्याकडून नवं काढून घेतलं गेलं आणि त्यावर शाई डिटको यांनीच केली. या अंकाची एक उत्तम प्रत २०२१ मध्ये ३६ लाख डॉलरला गेली. 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या २५ व्या अंकापासून कथानकाचं श्रेयही डिटको यांना मिळू लागलं. अंक ३३ मध्ये मणामणाच्या यंत्राखाली अडकलेला नायक पानामागून पान ते उचलायचा प्रयत्न करतो. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्ख्या पानावर तो मोकळा होतो. ३८ व्या अंकानंतर डिटको यांनी मार्व्हल सोडलं. २०१८ मध्ये वारले, तोवर त्यांनी मुलाखतींना जवळजवळ नेहमी नकारच दिला.

बायका आणि कृष्णवर्णीय चित्रकार या धंद्यात होते का?

होते, आणि बाजारात त्यांच्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. मॅट बेकर हे कृष्णवर्णीय चित्रकार चाळीसच्या दशकात 'फँटम लेडी' काढत. तिच्या १७ व्या अंकाचं, एप्रिल १९४८, मुखपृष्ठ वर्थॅम यांनी आपल्या पुस्तकात वाईट उदाहरण म्हणून छापलं, आणि आज त्याच बदनामीमुळे तो अंक अतोनात महाग आहे. बेकर १९५९ मध्ये तरुण वयातच गेले. रमोना फ्रॅडन यांनी पन्नासच्या दशकात 'अ‍ॅक्वामॅन' वर्षानुवर्षं काढला आणि पुढे मेटामॉर्फो हे पात्र घडवण्यात भाग घेतला. मेरी सेव्हरिन यांचं नाव रंगकार म्हणून घेतात, पण 'डॉक्टर स्ट्रेंज' आणि 'हल्क'ची पानंही त्यांनी काढली आहेत, आणि विनोदाचं अंग त्यांच्याइतकं मार्व्हलमध्ये क्वचितच कोणाला होतं. वंडर वुमन रेखाटणारे एच. जी. पीटर पुरुष होते, मात्र तिच्या बऱ्याच कथा जॉय हमेल या तरुणीने लिहिल्या होत्या, नाव न लागता.

छापील अंकाऐवजी मूळ चित्रपान घ्यावं का?

परवडत असेल तर जरूर. मूळ पान एकच असतं. साठच्या दशकाच्या मध्यानंतर पानाचा आकार लहान झाला. त्याआधी चित्रकार छापील पानाच्या जवळपास दुप्पट आकारात काम करत. त्यामुळे पान मोजलं तरी त्याचा काळ कळायला मदत होते. निळी पेन्सिल, पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, संपादकाचा समासातला शेरा, चिकटवलेले संवाद हे सगळं त्यावर असतं. अगदी स्वच्छ, एकही खुणेचा डाग नसलेलं पान दिसलं तर शंका घ्या.

अडचण अशी की बरीच पानं उरलीच नाहीत. छपाई झाली की प्रकाशक ती फाडून टाकत, कापून वाटत किंवा गोदामात कोंबत, आणि गोदामातून ती चोरीला जात. ऐंशीच्या दशकात मार्व्हल चित्रकारांना जुनी पानं परत देऊ लागलं तेव्हा कर्बी यांच्यापुढे इतरांपेक्षा वेगळा, लांबलचक करार ठेवला गेला. त्यावरून चित्रकार आणि वाचक दोघंही खवळले. १९८७ मध्ये त्यांना सुमारे दोन हजार पानं मिळाली. काढलेली होती दहा हजारांच्या वर. म्हणूनच मूळ पान घेताना ते कोणाकोणाकडून फिरत आलं हे विचारावं. 'अमेझिंग फँटसी' अंक १५ ची मूळ पानं २००८ मध्ये एका निनावी दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली आणि ती आज तिथे आहेत. उलट टोकाला, 'सीक्रेट वॉर्स' अंक ८ मधलं माइक झेक यांचं एकच पान, स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखाचं, २०२२ मध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला विकलं गेलं.

सही असलेला अंक जास्त मोलाचा का?

सही साक्षीदारासमोर घेतलेली असेल तर होय. नाहीतर ती मुखपृष्ठावरची शाई, बस. शुस्टर १९९२ मध्ये वारले आणि कर्बी १९९४ मध्ये, तेव्हा 'नुकतीच मिळालेली' सही असा दावा कोणी केला तर पुढे जा.

नव्वदच्या दशकातले सीलबंद अंक गुंतवणूक म्हणून कसे?

नकोत. १९९१ च्या 'एक्स-मेन' अंक १ च्या ८० लाखांवर प्रती खपल्या आणि प्रत्येकाने त्या जपून ठेवल्या.

घरात जुन्या अंकांचं खोकं सापडलं तर आधी काय करावं?

काहीही पुसू नका, चिकटवू नका, पिना बदलू नका. नावांची आणि अंक क्रमांकांची यादी करा, मुखपृष्ठांचे फोटो काढा, मग भाव विचारा, आणि एकाच विक्रेत्याला विचारून थांबू नका. या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला ठेवा असाच निघाला होता. डेन्व्हरजवळ एडगर चर्च नावाचे जाहिरातचित्रकार वर्षानुवर्षं कॉमिक्स घेत आणि कोरड्या, थंड खोलीत रचून ठेवत. १९७७ मध्ये तरुण विक्रेते चक रोझान्स्की यांनी तो सगळा साठा घेतला: १८ हजारांच्या वर अंक, बरेचसे जणू काल छापलेले. कोलोरॅडोची कोरडी हवा आणि एकमेकांवर दाबून ठेवलेल्या चळती, यांनी उजेड आणि हवा आत जाऊ दिली नाही. आडव्या चळती नकोत असं वर म्हटलं आहे खरं. चर्च यांनी ते जमवून नेलं, कारण त्या चळती कोणी हलवल्याच नाहीत. आजही 'चर्च प्रत' असं म्हटलं की लिलावात आकडा वर जातो.

मूळ अंक परवडत नाहीत. संग्रहित आवृत्त्या वाचल्या तर काय बिघडलं?

काहीच नाही, आधी त्याच वाचा. मात्र त्यातले रंग बहुधा संगणकावर नव्याने भरलेले आणि चकचकीत कागदावर छापलेले असतात, त्यामुळे जे रंग वृत्तपत्री कागदात मुरून मवाळ व्हावेत म्हणून निवडले होते ते भडक दिसतात. कार्माइन इन्फँटिनो यांच्या 'फ्लॅश'मधल्या वेगाच्या आडव्या रेषा मूळ छपाईत हवेसारख्या दिसतात, नव्यात तारा ओढल्यासारख्या. ज्या चित्रकाराचं काम मनापासून आवडलं त्याचा एखादा मूळ अंक, ३.० श्रेणीतला का असेना, जवळ असावा.

आणि तो उघडून वाचला तर चालतं?

चालतं. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा, अंक सपाट टेबलावर ठेवा, पुरता उघडून दाबू नका, पान वरच्या कोपऱ्यातून उलटा. वाचून झाल्यावर पिशवीत घालताना चिकट पट्टी मुखपृष्ठाला लागणार नाही याकडे लक्ष द्या. बहुतेक अंक वाचताना नाही, पिशवीत घालता-काढताना फाटतात.